हुशार आहे, पण फॉर्म राहिला

परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपली की पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या गावात एक वाक्य हमखास कानावर पडते: "पोरगा हुशार आहे हो, पण फॉर्म राहिला." कधी फॉर्म राहतो, कधी जर्नल, कधी शिष्यवृत्तीच्या अर्जातला एक दाखला. विषय बॅक पडतात, वर्ष जाते आणि एके दिवशी तो मुलगा परभणीच्या एखाद्या मोबाइल दुकानात कामाला लागलेला दिसतो. घरचे म्हणतात, त्याला शिकायचेच नव्हते.

आम्हाला हे मान्य नाही. यातल्या बऱ्याच मुलांना शिकायचे असते आणि विषयही समजलेला असतो. त्यांचे अडते ते समजण्यात नव्हे, तर काम वेळेवर सुरू करणे, त्याचे टप्पे पाडणे, लक्ष उडाले तर परत आणणे आणि शेवटपर्यंत नेणे या गोष्टींत. मानसशास्त्रात याला कार्यकारी क्षमता म्हणतात. मेंदूच्या पुढच्या भागातला हा मुकादम समजा. तो पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. एडीएचडी असलेल्या मुलांत तो अधिकच कच्चा असतो. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: ही अडचण माहितीची नाही, माहीत असलेले वेळेवर हातून घडण्याची आहे. म्हणून अशा मुलाला "अभ्यास कर" असे शंभरदा सांगून काही होत नाही. ते त्याला आधीच माहीत असते.

हे कॉलेजातच का उघडे पडते? शाळेत मुकादमी बाहेरचे लोक करतात. घंटा वाजते, सर वही तपासतात, आई दप्तर भरते. कॉलेजात हे सगळे एका उन्हाळ्यात निघून जाते. ताडकळसहून परभणी, पूर्णा किंवा नांदेडला जाणाऱ्या मुलाला बस त्याची त्यानेच पकडायची, तासाची खोली त्यानेच शोधायची. महाडीबीटीचा अर्ज तर स्वतंत्र परीक्षाच आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, ओबीसीत असाल तर नॉन क्रीमी लेयर, आधारशी जोडलेले बँक खाते. एक कागद मिळाल्याशिवाय दुसरा मिळत नाही. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाचे वजन वाढले. वर्षाकाठी एकच मोठी परीक्षा रात्री जागून काढणाऱ्यांचा काळ संपला. आता लहान लहान तारखा असतात, आणि नेमक्या त्याच निसटतात.

आपल्या मोहल्ल्यांत एक गोष्ट आणखी दिसते. लहानपणी हिफ्ज पूर्ण केलेला मुलगा कॉलेजात पहिल्याच वर्षी कोलमडतो. लोक चक्रावतात: ज्याने सहाशे पाने पाठ केली, त्याला वीस पानांची असाइनमेंट जमेना? पण हिफ्जची रचना पाहा. रोजचा नवा सबक थोडासाच. कालपरवाचे पक्के करायला सबकी, जुने टिकवायला मंजिल. समोर उस्ताद बसलेले, आणि ऐकवल्याशिवाय सुटका नाही. काम लहान तुकड्यांत, वेळ ठरलेली, ऐकणारा माणूस हजर. जगभरातले तज्ज्ञ अशा विद्यार्थ्यांसाठी आज ज्या उपाययोजना सुचवतात, त्यातला बराचसा भाग इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तो मुलगा नालायक झालेला नाही, त्याच्याखालची रचना काढून घेतली गेली आहे.

गरिबीचा हिशेबही यात धरावा लागेल. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. तेच शेतकरी, पण तोडणीआधी हातात पैसा नसताना विचारशक्तीच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी खालावलेली आणि तोडणीनंतर सुधारलेली आढळली. घरी सोयाबीनचे पैसे अडकलेले असतील, तर कॉलेजात बसलेल्या मुलाचेही डोके निम्मे बाजार समितीतच असते. मुलींची गोष्ट तर कोणी विचारतच नाही. त्या वर्गात दंगा करत नाहीत, म्हणून त्यांची एडीएचडी उशिरा ओळखली जाते. आणि घरी पुस्तक उघडले की स्वयंपाकघरातून हाक येते. देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम 14.2 टक्के आहेत, तर 2020-21 च्या सरकारी सर्वेक्षणानुसार उच्च शिक्षणातले त्यांचे प्रमाण 4.6 टक्के होते. त्यामुळे फॉर्म राहिल्यामुळे गळलेला एक मुलगा आपल्याला महागात पडतो.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे, निदान कागदावर. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे. जादा वेळ, लेखनिक, परीक्षा पद्धतीत बदल या सोयी त्यात आहेत. महाराष्ट्रात तर दहावीच्या विद्यार्थ्यांना अशा सवलती 1996 पासून मिळत आहेत. तरी 2021 च्या नीट परीक्षेत डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा एक तास नाकारला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य झाले. एडीएचडीचे नाव या कायद्याच्या यादीत वेगळे नाही, हा मोठा खड्डा आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. तुमच्या कॉलेजात तो आहे का, हे प्राचार्यांना लेखी विचारा. चार जणांनी मिळून, सह्या करून विचारा. तपासणीसाठी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते, आणि नुसते बोलायचे असेल तर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे, हे घरात सांगायला सोबत एखादा मोठा भाऊ किंवा मामू असला की बरे पडते.

पण निदान होईपर्यंत थांबायची गरज नाही. पुढची कामे आपण, म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरापोरींनीच, करू शकतो. करिअर मार्गदर्शनाचे मेळावे आपल्याकडे भरपूर झाले. टाळ्या वाजतात, मुलगा पेटून घरी जातो आणि सोमवारी पुन्हा तसाच. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये मांडले की "मी अभ्यास करीन" या निश्चयापेक्षा "अमुक झाले की अमुक करीन" असा ठराव अधिक टिकतो. आपल्या दिवसाला पाच खुंट्या आधीच आहेत. "असर झाली की वाचनालयात बसून जर्नलची दोन पाने" हा ठराव "रोज अभ्यास" यापेक्षा शंभर पटीने पक्का.

तर असरपासून मगरिबपर्यंत एक खोली उघडी ठेवा. मुलींसाठी वेगळी वेळ किंवा कोणाच्या घराची ओसरी चालेल. कोणी शिकवायची गरज नाही, नुसते शेजारी बसून आपापले काम करायचे. शेजारी माणूस असला की हात चालतो. उठताना प्रत्येकाने उद्याचे एक काम मोठ्याने सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते विचारायचे. न झाल्यास टोमणा नाही, काम आणखी लहान करायचे.

आणि भिंतीवर फळा हवा. व्हॉट्सॲपवर टाकलेली तारीख दोन तासांत लग्नपत्रिकांखाली गाडली जाते. फळ्यावर विद्यापीठाच्या परीक्षा अर्जाची शेवटची तारीख, विलंब शुल्काची तारीख, महाडीबीटीची मुदत, आणि प्रत्येकीपुढे तो अर्ज ज्याचा बाकी आहे त्याचे नाव. मुदतीच्या दहा दिवस आधी कोणीतरी त्याला गाडीवर मागे बसवून तहसीलला घेऊन जायचे.