मालिकेंतला राजवाडा

शाळेच्या सहलीबरोबर गतवर्षीं रायगडीं गेलों असतां एका विद्यार्थ्यानें मजला विचारिलें, "सर, मालिकेंतला राजवाडा कोठें आहे?" मीं दगडी जोतीं दाखविलीं, तों त्याचें तोंड उतरलें.

२००८ सालीं सुरू झालेली 'राजा शिवछत्रपती' ही मालिका मलाही प्रिय आहे. परंतु तिच्यांतील राजवाडा कर्जतच्या स्टुडिओंत उभारिलेला. गडावरचा तर १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांनीं लागलेल्या आगींत जळाला. मुलाची निराशा स्वाभाविकच होय. दोष आम्हां वडील मंडळींचा. महाड-पोलादपुरास राहून आम्ही मुलांस रोपवेनें चार मिनिटांत वर नेतों, छायाचित्रें काढितों, आणि जेवणवेळेस घरीं! (त्या दिवशीं मींही त्यांस तसेंच नेलें होतें.) पडद्यावर चढण क्षणांत सरते. चित्त दरवाजापासून पायऱ्या चढून ज्याच्या पोटऱ्या भरून आल्या, त्यासच १६७४ च्या राज्याभिषेकाकरितां येथवर काय काय वाहून आणिलें असेल ह्याची कल्पना येते. यंदापासून सहल पायींच न्यावी, असें माझें मत आहे.

उतरण्यापूर्वीं जगदीश्वराच्या देवळाकडे गेलों. गड बांधणाऱ्या हिरोजीनें आपलें नांव तेथें पायरीवर कोरविलें आहे. तो मुलगा तीं अक्षरें जुळवीत बसला. त्यास उठवावें असें मला वाटेना.