नाणे चालते ते कोणाच्या जोरावर?

परवा सकाळी भाजी घेतली आणि दहा रुपयांची दोन नाणी पुढे केली. पुण्याहून परतताना ती खिशात आली होती. भाजीवालीने हात मागे घेतला. "ये सिक्का नै चलता, साब."

मी तिला कायदा सांगू लागलो. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून स्पष्ट केले आहे की, दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत आणि ते व्यवहारात घेतलेच पाहिजेत. तिने मुकाट्याने कमरेची पिशवी सोडून दाखवली. आत तीच पंधरा-वीस नाणी होती. "मैं तो ली थी, साब. अब मेरे से कौन लेता?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. कारण महिन्यापूर्वी किराणा दुकानदाराने हेच नाणे परत देऊ केले, तेव्हा "दुसरे काही द्या" असे म्हणणारा मीच होतो.

हैदराबादेत राहणाऱ्या आपणा जुन्या मराठी घराण्यांना तरी पैशाचे हे मर्म नव्याने शिकण्याची गरज पडू नये. आपल्या वाडवडिलांनी एकाच शहरात दोन रुपये वापरले. निजामाचा हाली, म्हणजे चालू रुपया. आणि इंग्रजांचा कलदार, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. हुसेनसागर ओलांडून सिकंदराबादच्या छावणीत गेले की कलदाराचे राज्य. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब घरातल्या पोरांनाही तोंडपाठ असे. शंभर कलदारांना एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै. पुण्याला शिकणाऱ्या मुलाला साठ रुपये पाठवायचे तर घरातून सत्तर काढावे लागत.

हा भाव मुळात चांदीचा होता. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.२ ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास, कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. निव्वळ चांदीचे वजन काढून पाहावे, प्रमाण जवळजवळ सातास सहाच येते. तेव्हा नाण्याची किंमत त्याच्या धातूत असते, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु १९१८ साली संस्थानाने कायदा करून कागदी नोटा काढल्या. उर्दूबरोबर मराठीतही रक्कम लिहिलेल्या त्या कागदात चांदी गुंजभरही नव्हती. तरी बाजाराने त्या घेतल्या. पुढे १९४० साली इंग्रजी रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ साली तो निव्वळ निकेलचा झाला; दाणे देणाऱ्याने तरीही दाणे दिले. मग चालत होते ते काय? उद्या हा रुपया दुसरा कोणी माझ्याकडून घेईल, एवढी खात्री! 'चलन' हा शब्द चालण्यावरून आला आहे. जे पुढच्या हातात जाते ते चलन; जे अडले ते नुसते धातूचे चकते.

गावगाड्यात बलुतेदाराला नाण्याचे काम फारसे पडत नसे. सुताराने नांगर दुरुस्त करावा, सुगीला धान्य न्यावे. पण ते बलुते त्या गावापुरते. गाव सोडून परमुलखात पोट भरायचे तर अनोळखी माणसानेही घ्यावी अशी वस्तू हाती लागते. आपले पूर्वज इथवर आले आणि टिकले, त्यात या अनोळखी माणसाच्या विश्वासाचा वाटा मोठा आहे.

म्हणून मला वाटते, दहाच्या नाण्याचा प्रश्न सरकारी पत्रकाने सुटणार नाही. कायदा नाण्याला खरे ठरवतो, त्याला चालवतात मात्र गिऱ्हाईक आणि दुकानदार. ज्याच्याकडे बँकेत जायला वेळ आहे किंवा मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आहे, त्याचे या अफवेने काही अडत नाही. अडते ते दिवसाच्या कमाईवर संध्याकाळचे तांदूळ घेणाऱ्याचे. आपण झटकलेले नाणे शेवटी अशाच पिशवीत जाऊन पडते.

त्या बाईची नाणी मी नोटा देऊन घेतली. यात उपकार कसला? दहाला दहा मिळाले. त्यांतली चार किराणा दुकानदाराकडे दिली. त्याने कुरकुर केली, पण तीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणवेना. दोन दिवसांनी त्यातलेच एखादे त्याने मला परत दिले असावे. या खेपेला मी ते निमूटपणे खिशात टाकले.

वाचकांनी एवढेच करावे. सुटे म्हणून नाणे आले तर नाकारू नये, आणि ओळखीच्या दुकानात ते आवर्जून द्यावे. आपली पत आहे, ती थोडी त्या नाण्याला उसनी द्यावी.