सुवर्णमुद्रा आणि दिव्याची अवस

गेल्या दिवाळींत छत्रपति संभाजीनगरांतील एका स्नेह्यांकडे लक्ष्मीपूजनाच्या तबकांत आम्हीं एक परदेशी सोन्याचें नाणें पाहिलें. दूरदेशीं असलेल्या चिरंजीवांनीं तें मातोश्रींस पाठविलें होतें. त्यावर एक डौलदार जहाज होतें. ‘हें कोणतें गं?’ असें आजीबाईंनीं विचारतांच नात म्हणाली, ‘टायटॅनिक, आजी. १९१२ सालीं बुडालें. दीड हजार माणसें गेलीं.’ आजीबाईंनीं तें नाणें हलकेंच उचलून बाजूस ठेविलें.

याच शहरांत मोंगलांची टांकसाळ होती. तिच्या मोहरांवर बादशहाचें नांव असे, प्रजेचें दुःख नसे. टायटॅनिकच्या शताब्दीस, २०१२ सालीं, मात्र निरनिराळ्या देशांनीं स्मारकनाणीं काढलीं. हेतु वाईट असें आम्हीं म्हणत नाहीं. पण जहाजावरील सुमारें निम्म्याच माणसांना पुरतील एवढ्या होड्या होत्या, ही गोष्ट त्या नाण्यांवरील डौलदार चित्रावरून कोणास कळणार?

आणि आपल्या ‘रामदास’ बोटीचें नांव तरी किती मुलांस ठाऊक आहे? १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेंत काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. पोहत किनाऱ्यास लागलेल्या माणसांनीं सांगितलें तेव्हां मुंबईस बातमी कळली. रेवसकडील कोळ्यांनीं विक्रीस नेत असलेली मासळी समुद्रांत ओतून बुडत्यांस आपल्या होड्यांत घेतलें, असें कोंकणांत सांगतात. पुढें चारच आठवड्यांनीं स्वातंत्र्य आलें आणि त्या आनंदांत हा आक्रोश मागें पडला.

तो दिवस आषाढ अमावास्येचा, म्हणजे दिव्याच्या अवसेचा होता. आमच्या वाचकभगिनी त्या दिवशीं घरांतील दिवे घांसून पुसून पुजतात. त्या वेळीं मुलांस जवळ बसवून ‘रामदास’ची हकीकत सांगावी, अशी आमची विनंति आहे. माणसें कां बुडालीं, आणि स्वतःचें नुकसान सोसून त्यांतलीं कांहीं कोणीं वांचविलीं, हीं दोन्हीं सांगावीं. त्याला सोनें लागत नाहीं. नाणें पेटींत पडून राहतें, अडचणीच्या वेळीं मोडलेंहि जातें. आजीनें दिव्यापाशीं सांगितलेली गोष्ट मात्र नातवंडें आपल्या मुलांस सांगतात.