विजनवास की पळवाट?

स्पेनचे माजी राजे हुआन कार्लोस ऑगस्ट 2020 मध्ये देश सोडून अबुधाबीला गेले. त्याला 'विजनवास' म्हटले गेले. आम्हाला हा शब्द मान्य नाही. कोणत्याही न्यायालयाने त्यांना हद्दपार केले नव्हते. परदेशातील पैशांची चौकशी सुरू असताना ते आपणहून गेले. पुढे त्यांनी थकलेल्या करापोटी पन्नास लाखांहून अधिक युरो भरले. मार्च 2022 मध्ये सरकारी वकिलांनी चौकशी बंद केली. कारणे तीन : काही बाबी मुदतबाह्य, काही कर भरल्याने मिटलेल्या आणि जून 2014 च्या पदत्यागापूर्वीच्या कृत्यांना राजेपदाचे संरक्षण.

1978 च्या स्पॅनिश राज्यघटनेचे कलम 14 म्हणते, कायद्यापुढे सारे समान. कलम 56 मात्र राजाला त्यातून वगळते. आपल्याकडे कलम 361 राष्ट्रपती व राज्यपालांना फौजदारी खटल्यापासून संरक्षण देते, पण पदावर असेपर्यंतच. स्पेनमध्ये मुकुट उतरला तरी कवच उरले!

कलम 56 बदलायचे तर संसदेत दोन-तृतीयांश बहुमत, नव्या निवडणुका आणि सार्वमत लागते. म्हणूनच राजा कुठे राहतो, हा खरा सवालच नाही. जन्माने मिळालेले पद कायद्याच्या वर का, हा आहे. त्याचे उत्तर स्पेनच्या जनतेनेच मागितले पाहिजे.