आकड्यापेक्षा पोटाचे ऐकावे

उदरावरणाच्या, म्हणजे पोटातील अवयवांवरच्या पातळ अस्तराच्या, कर्करोगावर शस्त्रक्रिया व केमोथेरपी पार पडली की सुटलो, असा घरच्यांचा समज होतो. वस्तुतः हा रोग पुष्कळदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच परतत असल्याने तपासणीची तारीख प्रारंभी दर तीन महिन्यांनी सांभाळावी लागते. त्या दिवशी सर्वांचे चित्त रोगाची चाहूल देणाऱ्या सीए-१२५ या रक्तातील घटकाच्या आकड्यावर खिळते आणि तो हाती येईपर्यंत घरात कोणाला घास जात नाही. परंतु २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, केवळ आकडा चढला म्हणून लक्षणांआधीच केमोथेरपी दिलेल्या स्त्रिया इतरांहून अधिक जगल्या नाहीत, औषधांचा जाच मात्र त्यांच्या वाट्याला लवकर आला. तेव्हा परकराची नाडी एकाएकी अपुरी पडणे, दोन घासांतच पोट भरणे, शौच तुंबून उलट्या होणे, या तक्रारींची दखल जिल्हा रुग्णालयातच तत्काळ घेतली जाईल अशी तजवीज सरकारने करावी. नुसत्या रक्ताच्या नमुन्यासाठी सावंतवाडीच्या बाईने परळच्या टाटा रुग्णालयाचा उंबरठा का झिजवावा? समूळ बरे होणारे थोडेच, हे सत्य रुग्णापासून दडवू नये. मात्र पोटात साठलेले पाणी काढणे आणि वेदनाशमन हे इलाज तालुक्याच्या गावीही मिळालेच पाहिजेत, आणि तेही अर्जविनंत्यांवाचून.