पुढे चला, पुढे चला!

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी रविवारी सकाळी चहाला बोलावलं. ‘गाडी बघायला या,’ म्हणाले. मुलाने अमेरिकेहून जुनी मॉडेल रेल्वे आणलीय म्हणे. रेल्वेचं नाव काढलं की मी अंघोळीआधीही हजर असतो, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको.

गेलो. टेबलावर पुठ्ठ्याचे खोके, एकावर एक रचलेले. वरच्या खोक्याच्या झाकणाला पारदर्शक कागदाची खिडकी, तीही पिवळी पडलेली. आत लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचं इंजिन, नंबर १७७६. मी हात पुढे केला, तर गृहस्थांनी खोकं छातीशी धरलं. ‘उघडायचं नाही! उघडलं की किंमत उतरते.’ आणि रूळ? ‘रूळ कशाला हवेत?’ वहिनींनी पोह्यांची बशी ठेवायला एक खोकं बाजूला सरकवलं, तर घरात असा आरडाओरडा झाला की खालचा वॉचमन वर आला. खोक्याचा कोपरा दबला असता म्हणे.

आता गाडी म्हणजे धावते ती. कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. तिथे गाड्या धावतात, सिग्नल पडतात, मग दिवे मालवून गावात रात्रही होते. पोरं काचेला नाक लावतात. या गृहस्थांच्या खोक्याला नाक लावायचीही सोय नाही.

त्या इंजिनाची कुळकथा मात्र मोठी आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १९७६ मध्ये दोनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने १९७५-७६ मध्ये ‘अमेरिकन फ्रीडम ट्रेन’ ४८ राज्यांतून फिरली. सव्वीस डब्यांची गाडी, त्यातल्या दहा डब्यांत प्रदर्शन. ती ओढायला पोर्टलंडच्या एका बागेत शोभेपुरतं उरलेलं ४४४९ नंबरचं वाफेचं इंजिन पुन्हा पेटवलं. आत पाचशेच्या वर वस्तू: वॉशिंग्टनची राज्यघटनेची प्रत, चंद्रावरचा दगड, ज्युडी गार्लंडचा सिनेमातला झगा. सत्तर लाखांवर माणसं बघून गेली. त्याच लाटेत लायोनेल कंपनीने हे १७७६ नंबरचं इंजिन काढलं, मूळ तेरा वसाहतींच्या नावांचे तेरा मालडबेही काढले. गृहस्थांच्या तेरातले काही डबे अजून यायचेत, त्यामुळे मुलाची पुढची सुट्टीही बुक झालेली आहे.

पण माझं डोकं अडकलं ते भलत्याच गोष्टीत. त्या फ्रीडम ट्रेनमध्ये माणसं चालत नव्हती. आत सरकता पट्टा होता. एका दाराने चढायचं, पट्टा तुम्हाला वस्तूंसमोरून नेणार आणि दुसरीकडे उतरवणार. चंद्राचा दगड आवडला? आवडू दे. पट्टा काही थांबत नाही.

हे वाचताना मला एकदम घरच्यासारखं वाटलं. गणपतीत नवसाच्या रांगेत रात्रभर उभं राहायचं, आणि मूर्तीसमोर पोचलं की कार्यकर्ता खांद्याला धरून ‘पुढे चला, पुढे चला’ करत आपल्याला बाजूला काढणार. नमस्काराचे हात जुळेपर्यंत समोर मागच्या बाईची ओटी आलेली असते. अमेरिकेने या कार्यकर्त्याच्या जागी मोटर बसवली, एवढंच. आणि देवाचं एक वेळ समजू शकतो, त्याच्यामागे लाखोंची रांग आहे. पण चित्रप्रदर्शनात? परवा एका दालनात एका निसर्गचित्रासमोर मी जरा रेंगाळलो, तर रखवालदार शेजारी येऊन उभा. ‘काका, बघून झालं का?’ दालनात आम्ही दोघेच होतो! मी म्हटलं, ‘बाबा, अजून नदीच्या अलीकडेच आहे मी.’ त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पलीकडे न जाताच बाहेर पडलो. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र तोच रखवालदार वीस मिनिटं एका कटिंगवर टेकून होता, त्याला कोणी ‘झाला का?’ म्हटलं नाही.

त्याच अमेरिकेत दुसरीही एक गाडी होती, आणि ती माझ्या स्वभावाची होती. मिशिगनमधली ‘आर्टरेन’, १९७१ साली निघालेली. जिथे संग्रहालय नाही अशा गावच्या रुळांवर ती उभी राहायची. डब्यांत चित्रं, आणि एका डब्यात चक्क स्टुडिओ. तिथे कलाकार काम करत बसलेले, लोक बघत उभे. चालू कामासमोर माणसाला ‘पुढे चला’ कसं म्हणणार? चित्रातला डावा कोपरा अजून रंगायचाय!

आपल्याकडेही टागोरांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त २०१० मध्ये हावड्याहून पाच डब्यांची ‘संस्कृती एक्सप्रेस’ निघाली होती. त्यांच्या चित्रांसाठी त्यात स्वतंत्र डबा होता. तशी गाडी पुन्हा काढायची झाली तर रेल्वेला माझी एक फुकट सूचना आहे. पुणे, मुंबई वगळा. तिथे सगळे लोकल पकडायच्या घाईत. डबा दौंडला उभा करा. इंजिन काढून उलट्या बाजूला लावायला ज्या गाड्या तिथे थांबतात, त्यांतल्या लोकांना तेवढ्या वेळात ऑम्लेटखेरीज काही उद्योग नसतो. आणि दौंडला एकदा थांबलं की ‘पुढे चला’ म्हणायची ताकद अजून कुणाच्या बापात नाही.