मोगऱ्याची छाटणी
मोगऱ्याला फुले येतात ती नव्या फुटव्यांवर. म्हणून थंडी ओसरताना, जानेवारीच्या सुमारास, झुडूप छाटावे लागते. श्रावकाचा हात येथे अडखळतो, आणि ते योग्यच. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त निष्फळ वनस्पतिच्छेदाची गणना प्रमादचर्या या अनर्थदंडात केली आहे. त्यातील 'निष्फळ' हा शब्द कात्री उचलताना ध्यानी असावा. वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या काड्या प्रथम काढाव्यात, मग शेंडे. कात्री धारदार हवी. बोथट पात्याने साल चिरडते आणि जखम लवकर भरत नाही. तत्पूर्वी दिवसाउजेडी प्रत्येक बेचके निरखावे. कोळ्याचे जाळे वा पाखराचे घरटे आढळल्यास ती फांदी तशीच राखावी. तिच्यावर यंदा फुले कमी येतील, एवढेच.